नाताळचे ताट : आतिथ्य देण्याचे आणि घेण्याचे



ज्या शाळेत मी पाटीवर पहिले अक्षर गिरवले, त्या शाळेने मला आज स्मृतिव्याख्यानासाठी बोलवावे, हा मी माझा गौरव मानीत नाही. हे शाळेचे माझ्यावरील प्रेम आहे. ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांचे नाव घेण्याचा प्रघात आपल्यात नाही. आपण सारे त्यांना 'गुरुजी' म्हणत आलो आणि या गावात गुरुजी म्हटले की दुसरे कोणी डोळ्यांपुढे येत नाही. त्यांच्या अध्यापनाविषयी यापूर्वीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. त्यांनी मला शिकवलेला एकच धडा मी आज सांगणार आहे. तो वर्गात शिकवलेला नव्हता. तो त्यांनी एका ख्रिस्ती घराच्या ओसरीवर, नाताळच्या दिवशी, जेवता जेवता शिकवला.

चाळीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाने साहित्याचा विषय सोडून नाताळच्या फराळावर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु आतिथ्य हा भाषेचाही विषय आहे आणि साहित्याचाही. शिवाय वय झाल्यावर माणसाने आपल्या डोक्यावरील एखादे तरी ऋण जाहीरपणे मान्य करावे, असे मला वाटते.

प्रथम आपल्या गावाची पार्श्वभूमी. तिगाव हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी पांढुर्णा सोडते, तिगावला येते आणि येथून पुढे घाट चढू लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसरचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बागेत संत्री आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवरची गोटमार, अशी आपली ओळख आहे. सीमेवरच्या माणसाला दोन भाषांत राहण्याची सवय असते. दोन धर्मांच्या शेजारात राहण्याची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते.

या भागातील ख्रिस्ती समाज अनेक वाटांनी आला. नागपूरला स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आले. त्यांनी शाळा काढली, गोंडांच्या भाषेचा व चालीरीतींचा अभ्यास केला आणि १८६३ साली एक ओढा ओलांडताना त्यांचा बुडून अंत झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून नागपुरात उभे आहे. छिंदवाड्याकडे स्वीडनच्या ल्यूथरन मिशनने काम केले. आणि तिसरी वाट रेल्वेची. आमला, इटारसी, नागपूर अशा मोठ्या स्थानकांतून ख्रिस्ती कर्मचाऱ्यांची वस्ती होती आणि बदलीच्या निमित्ताने त्यांतील एखाददुसरे कुटुंब लहान स्थानकावर येऊन पडे. माझे वडील रेल्वेत होते. १९५८ च्या सुमारास आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये असेच एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहावयास आले. त्या घरच्या गृहिणीला मी मावशी म्हणत असे. आजही त्यांचा उल्लेख मी तसाच करणार आहे.

मावशी मराठी बोलत आणि आमच्यापेक्षा शुद्ध बोलत. त्यांच्या घरी हार्मोनियम होता. त्यावर त्यांचे यजमान संध्याकाळी रेव्हरंड टिळकांची भजने म्हणत. चाल अभंगाची, शब्द मराठी, आणि ज्याला आळवायचे तो देव आम्हांला अनोळखी. लहानपणी मला त्यात काही विसंगत वाटले नाही. विसंगती दिसण्यासाठी थोडे मोठे व्हावे लागते.

नाताळ हा शब्दच मुळी पाहुणा म्हणून मराठीत आला आहे. पोर्तुगीजांनी तो आणला. त्याच्या मुळाशी जन्म या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. हिंदीत त्याच सणाला 'बडा दिन' म्हणतात आणि आपल्या गावात दोन्ही नावे चालतात. पाव, पाद्री, पगार, बटाटा हेही त्याच दारातून आलेले पाहुणे. भाषेने त्यांना कधी वेगळ्या पंगतीला बसवले नाही. मराठीतून ख्रिस्ताची कथा सांगण्याची परंपराही जुनी आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ तुकोबा लहान असताना प्रसिद्ध झाला, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होत.

दुसरा शब्द 'फराळ'. याचे मूळ 'फलाहार'. उपवासाच्या दिवशी फळे खावीत, त्या निर्लोभ आहाराचे हे नाव. आणि आपण ते करंजी, चकली, शंकरपाळे यांना देऊन टाकले. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला हाच फराळ होतो. दिवाळी संपून महिना-दीड महिना लोटला की त्याच झाऱ्या, तेच सोरे, तीच कातणी दुसऱ्या घरात तळणीपाशी येतात.

तिसरा शब्द मला सर्वांत प्रिय आहे. इंग्रजीत ज्याला चर्च म्हणतात, त्यासाठी मराठी ख्रिस्ती समाजाने दोन शब्द ठेवले. इमारत ते देऊळ किंवा मंदिर. आणि त्या इमारतीत जमणारी माणसे ती 'मंडळी'. आपण घरात म्हणतो, 'मंडळी जेवायला बसली', 'मंडळी आली का?' ज्या शब्दाने आपण पाहुण्यांचा पुकारा करतो, त्याच शब्दाने या समाजाने आपल्या धर्मसंस्थेस ओळखावे, यात मला मोठा अर्थ दिसतो. भिंती नसल्या तरी चालतील. माणसे जमली पाहिजेत आणि जेवायला बसली पाहिजेत.

आमच्या क्वार्टरांच्या आवारात मी ही भिंतीवाचूनची मंडळी पाहिली. आसपासच्या लहान स्थानकांवर एकेक, दोनदोन ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली होती. सर्वांना एका वेळी रजा मिळणे शक्य नव्हते, कारण गाड्या नाताळलाही धावतात. म्हणून मोठ्या गावच्या उपासनेला ज्यांना जाता येई ते जात, आणि उरलेल्यांचा नाताळ पाळीच्या तक्त्याप्रमाणे ठरे. एका वर्षी तो २६ तारखेला झाला, एकदा २७ला. पॅसेंजर गाडीने माणसे उतरत. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या खांद्यावर ढोलकी. मावशींच्या अंगणात बांबूला कागदी चांदणी टांगलेली असे. आत कंदील ठेवला की ती फलाटावरूनही दिसे. प्रथम प्रार्थना होई, शुभवर्तमानाचे वाचन होई, मग गाणी. आणि त्यानंतर पंगत. त्या पंगतीला ते लोक 'प्रीतिभोजन' म्हणत.

मावशींनी केक भाजण्याची रीत मी डोळ्यांनी पाहिली आहे. भट्टी कुठली? पत्र्याच्या डब्यात मिश्रण ओतून तो मंद चुलीवर ठेवीत आणि झाकणावर निखारे पसरीत. म्हणजे खालून-वरून सारखी आच लागे. त्यात आंबिया बहराच्या संत्र्यांची साल बारीक चिरून, साखरेत मुरवून घातलेली असे. तो वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येई. मात्र त्या वासापलीकडचे काही आमच्या घरात येत नसे. हे मी आता सांगणार आहे.

आमचे घर सोवळ्याओवळ्याचे होते. आई वाईट मनाची मुळीच नव्हती. शेजारच्या मुलाला ताप आला तर ती रात्रभर उशाशी बसे. दिवाळीला आमच्या घरचा फराळ मावशींकडे पहिल्यांदा जाई आणि तो त्या घरी चवीने खाल्ला जाई. मग नाताळला मावशींचे ताट आमच्याकडे येई. पितळेचे ताट, काठावर नाव घातलेले, वर विणलेला रुमाल. आई हसून ते घेई, चौकशी करी, 'कशाला हो एवढा त्रास घेतला' म्हणे, आणि आपल्या रीतीप्रमाणे रिकामे ताट परत न पाठवता त्यावर मूठभर साखर घालून देई. ताटातला फराळ मात्र गाईच्या गव्हाणीत जाई.

मला हे ठाऊक होते. मला त्यात काही वावगेही वाटत नव्हते. एका वर्षी ताट पोचल्यावर घटकाभराने मावशींची मुलगी विसरलेली वाटी न्यायला परसदाराने आली. ती माझ्याच वयाची होती. गव्हाणीपाशी ती क्षणभर थांबली. गाईपुढे करंज्या होत्या. ती काही बोलली नाही, वाटी घेऊन निघून गेली. मीही काही बोललो नाही. आईला हे कळले नाही.

पुढच्या नाताळला ताट आले, पण त्यावर फराळ नव्हता. रवा होता, साखर होती, एक नारळ होता आणि पाच संत्री. आई प्रसन्न झाली. 'शहाणी बाई आहे हो,' म्हणाली. त्या रव्याचे लाडू झाले आणि मी ते पोटभर खाल्ले. कोरडा शिधा कोणाला देतात? जो आपल्या हातचे शिजवलेले खाणार नाही त्याला. मावशींनी एका शब्दाने गाऱ्हाणे केले नाही, शेजार तोडला नाही, ताट पाठवणेही थांबवले नाही. आमच्या अटी जाणून त्यांनी आपला सण त्या अटींत बसवला. माझी आई ज्याला शहाणपण म्हणाली, त्याला काय किंमत पडली असेल, हे मला कळायला पंचवीस वर्षे लागली.

आता गुरुजी. १९६० सालचा नाताळ. मी दहा वर्षांचा. गुरुजी शाळा सुटल्यावर स्थानकाकडे निघाले होते. वाटेत मी दिसलो. 'चल रे बाबू, शेजाऱ्यांकडे जाऊन येऊ' म्हणाले. मला वाटले, दारातून नमस्कार करून परतायचे. गुरुजी ओसरीवर सतरंजीवर बसले. मावशींच्या यजमानांनी लगबगीने सांगितले, 'गुरुजी, आपल्यासाठी संत्री आहेत, सोलून देतो.' फळाला विटाळ नसतो, म्हणून ही तजवीज. गुरुजी म्हणाले, 'संत्री माझ्या घरी आहेत. तुमच्या घरी आज काय केलंय ते वाढा.'

मावशी आत गेल्या. बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला. मग करंजी आली, चकली आली, केकचा तुकडा आला. गुरुजींनी सावकाश सारे खाल्ले. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. 'खा' म्हणाले नाहीत, 'खाऊ नको' म्हणाले नाहीत. शेवटी म्हणाले, 'बाई, पाणी द्या.' पेला तोंडाला लावून त्यांनी पाणी प्यायले आणि निरोप घेऊन निघाले. मी त्या दिवशी एक करंजी खाल्ली. पाणी प्यायचा मात्र धीर झाला नाही.

त्या पेलाभर पाण्याचा अर्थ मला पुढे इतिहास वाचताना उलगडला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ख्रिस्ती घरच्या पाहुणचाराचे एक गाजलेले प्रकरण आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील चाळीसहून अधिक प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावून तो बाजूला ठेवला. पुढे उपस्थितांची यादी 'पुणे वैभव' पत्रात छापून आली. ती छापवून आणणारे गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे पती. ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले. लोकमान्यांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाविषयी लिहिले आहे.

हे प्रकरण मी वर्गात अनेकदा शिकवले. सुधारक विरुद्ध सनातनी अशा रीतीने शिकवले. निवृत्तीनंतर पुन्हा वाचताना माझ्या ध्यानात आले की, आपण सारी चर्चा पाहुण्यांच्या शुद्धीची केली. कोण प्याला, कोण प्याला नाही, कोणी प्रायश्चित्त घेतले. ज्यांनी चहा केला, पेले मांडले आणि मग न प्यालेले पेले उचलून नेले, त्यांना काय वाटले असेल, हा प्रश्न मी एकदाही विद्यार्थ्यांना विचारला नव्हता. मावशींच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला तरी तो सुचायला हवा होता.

आपल्या धर्मशास्त्रांनी अतिथीचे मोठे महत्त्व सांगितले आहे. ज्याच्या येण्याला ठरलेली तिथी नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती आहे. गृहस्थाने वैश्वदेव झाल्यावर, गाय दोहायला लागतो तेवढा वेळ, अंगणात उभे राहून अतिथीची वाट पाहावी, असे पुराणे सांगतात. किती सुंदर कल्पना आहे! परंतु या साऱ्या उपदेशात आपण नेहमी यजमान असतो, देणारे असतो. 'यजमान' म्हणजे मुळात यज्ञ करणारा. देण्यात पुण्य आहे, मोठेपणा आहे. घेणाऱ्याचे शास्त्र आले की मात्र याच्या हातचे घ्यावे आणि त्याच्या हातचे घेऊ नये, अशा याद्या सुरू होतात. माझी आई दिवाळीचा फराळ द्यायला कधी चुकली नाही. तिला देता येत होते. तिला घेता येत नव्हते. आणि ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला आपण कितीही दिले तरी तो आपला शेजारी होत नाही, आश्रित होतो.

घेण्याची ही वाट किती अवघड असते, याचे मराठीतील सर्वांत प्रामाणिक चित्र लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त काढले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याआधी काही काळ ते नागपुरात होते. राजनांदगावच्या प्रवासात रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचण्यास सुचवले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. त्यांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या तेव्हाही त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. नंतर हळूहळू, स्वतःशी वाद घालीत, त्यांनी जातिभेद सोडला. आणि १९००च्या सुमारास बाप्तिस्मा घेतला. हा क्रम लक्षात घ्यावा. त्यांच्या मनातला बदल आधी पाण्याच्या भांड्यापाशी झाला, धर्मविधी पुढे आला. आणि हे सारे त्या स्वतःला हसत सांगतात, म्हणून ते ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही आपले वाटते.

अतिथीची तिथी नसते, याचा दुसरा दाखला पंडिता रमाबाईंचा. १८९६-९७च्या दुष्काळात आपल्या या मध्य प्रांतात माणसे अन्नान्न करीत होती. रमाबाई स्वतः इकडे आल्या आणि सुमारे तीनशे निराधार स्त्रिया व मुली आपल्याबरोबर घेऊन गेल्या. केडगावच्या 'मुक्ती'चा विस्तार त्यांतून झाला. त्यांच्या धर्मकार्याविषयी मतभेद असू शकतील, त्या काळीही होते. परंतु जिला कोणीच दारात उभे करीत नाही तिला घरात घेणे, हे आतिथ्य नव्हे असे कोण म्हणेल?

नाताळची मूळ कथाही पाहुणचाराची, किंबहुना नाकारलेल्या पाहुणचाराची आहे. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे परगावी आलेल्या त्या जोडप्याला उतरायला जागा मिळाली नाही आणि बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. पहिले भेटायला आले ते रानात मेंढरे राखणारे. गव्हाणीचा उल्लेख वाचताना मला आमची गव्हाण आठवते, ते आपण समजून घ्याल. त्याच शुभवर्तमानात येशू सांगतो की, जे तुम्हांला उलट बोलावू शकतील त्यांना मेजवानीस बोलावू नका. ज्यांना परतफेड करता येणार नाही त्यांना बोलावा. आणि योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. दुपारच्या वेळी, थकलेला, तो विहिरीपाशी बसतो आणि ज्या समाजाशी यहुदी लोक व्यवहार ठेवीत नसत त्या शोमरोनी समाजातील स्त्रीकडे पाणी मागतो. ती चकित होते. बोधाच्या गोष्टी पुढे येतात. पहिले वाक्य पाण्याचे आहे. हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा मला गुरुजींचा आवाज ऐकू आला : 'बाई, पाणी द्या.' गुरुजींनी बायबल वाचले होते की नाही, मला माहीत नाही. ते रोज गीतेचा अध्याय म्हणत, एवढे माहीत आहे.

यावरून ख्रिस्ती समाजात पंक्तिभेद नव्हता असे मी सुचवीत नाही. जातीचे अवशेष तेथेही राहिले, हे त्या समाजातील विचारवंतांनीच लिहिले आहे. पंथापंथांतही भेद होते. एका पंथाचा माणूस दुसऱ्या पंथाच्या पवित्र भोजनात सहभागी होऊ शकत नसे, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी होती. म्हणूनच २९ नोव्हेंबर १९७० हा दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी जवळच्या नागपुरात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. मी तेव्हा नागपुरात विद्यार्थी होतो. तत्त्वज्ञानाच्या वाटाघाटी किती वर्षे चालल्या असतील ते असो. सामान्य माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच होता की, आता एका मेजाभोवती बसता येईल. हिंदू समाजातील सहभोजनाच्या चळवळी, अनंत हरी गद्रे यांचा झुणका-भाकरीचा उपक्रम, आणि हे ऐक्य, यांचा प्रश्न एकच होता : कोण कोणाबरोबर जेवतो?

आज हा प्रश्न सुटला आहे काय? आजच्या मुलांना विटाळ हा शब्द समजावून सांगावा लागतो, ही समाधानाची गोष्ट आहे. हॉटेलात कोणी स्वयंपाक्याची जात विचारत नाही. परंतु एकमेकांच्या घरी जाणेच कमी झाले आहे. सणाच्या शुभेच्छा दूरध्वनीवर पाठवल्या की कर्तव्य संपते. आणि अलीकडे दुसऱ्याच्या सणाला जावे की न जावे, शाळेत चांदणी टांगावी की न टांगावी, हाही वादाचा विषय होऊ लागला आहे. पूर्वी आम्ही ताट घेत होतो आणि खात नव्हतो. आता ताटच येईनासे झाले, तर त्याला प्रगती म्हणायचे काय? २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना अध्यक्षपदी बसवले, तेव्हाही काही विरोध झाला. पण मराठी वाचकांनी त्यांचे भाषण आपल्या माणसाचे भाषण म्हणून ऐकले. २०२४ साली ते गेले, तेव्हा मराठी घरातला एक वडीलधारा गेल्यासारखे अनेकांना वाटले. असे वाटणे हीच खरी मंडळी.

आता शेवटचे. १९६३ साली मावशींच्या यजमानांची बदली झाली. घाईघाईने सामान बांधले गेले, गाडी निघून गेली. महिन्याभराने आईला फडताळात ते पितळेचे ताट दिसले. मागच्या नाताळचे ताट परत द्यायचे राहून गेले होते. नवा पत्ता कोणाकडे नव्हता. आईने ते ताट कधी वापरले नाही आणि मोडीतही घातले नाही. दर दिवाळीला इतर भांड्यांबरोबर ते चिंचेने घासून ठेवी. तिच्या अखेरच्या आजारात एके दुपारी ती मला म्हणाली, 'त्या बाईंचं ताट राहिलंच रे.' मी म्हणालो, 'हो.' ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'रिकामं कसं पाठवायचं, असं वाटत राहिलं.' यापलीकडे ती काही बोलली नाही. गव्हाणीची गोष्ट मी तिला तेव्हाही सांगितली नाही. ती तिला ठाऊक होती की काय, अशी शंका मात्र मला त्या दिवसापासून आहे.

ते ताट आज माझ्याकडे आहे. शाळेच्या चालकांची परवानगी घेऊन मी ते या शाळेला देत आहे. ते काचेच्या कपाटात ठेवू नये, ही माझी विनंती. मुलांनी एकमेकांच्या सणाला ते फिरवावे. दिवाळीला, ईदेला, नाताळला, बुद्धपौर्णिमेला ज्या घरी सण असेल त्या घरून ते भरून यावे, आणि वर्गात सर्वांनी त्यातले खावे. ज्याच्या घरी जे खात नाहीत ते त्याने खाऊ नये. त्यात कमीपणा नाही. परंतु 'नको' म्हणायचे असेल तर समोर म्हणावे, आणि पाणी तरी मागून प्यावे. गुरुजींच्या स्मृतीस याहून योग्य वंदन मला सुचत नाही.